'अतिरिक्त' न्यायाधीश आणि सत्ता : मुंबई उच्च न्यायालयातील नियुक्ती व कायमपणाच्या राजकारणाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

ऑगस्ट २०२५ मध्ये तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात मवाळ-जहाल वादाचे विवेचन चालू असताना बदलापूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विषयाबाहेरचा वाटावा असा प्रश्न विचारला. एका राजकीय पक्षाच्या माजी प्रवक्त्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होणार, ही बातमी तिने वाचली होती. काल पक्षाची बाजू मांडणारी व्यक्ती आज न्याय कसा करणार, एवढाच तिचा प्रश्न होता. मी शिफारस, अधिसूचना, शपथविधी असे पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. परतीच्या लोकलमध्ये लक्षात आले की प्रश्न विषयाबाहेरचा नव्हताच. आमचा तास टिळकांच्या १८९७ च्या खटल्यापाशी थांबला होता आणि त्या खटल्यात टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश काँग्रेसचे माजी अध्यक्ष होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील सामान्य माणसाला उच्च न्यायालय ही दूरची गोष्ट वाटते. ती तशी नाही. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरातील अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, पाडकामाचे आदेश निघाले आणि अखेर २००६ मध्ये राज्य शासनाला त्या एका शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी त्यातील आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांना जबाबदार धरले, तेव्हा पुढे काय करायचे हा प्रश्नही उच्च न्यायालयासमोरच आला. या दोन्ही प्रकरणांत एक पक्षकार राज्य शासन आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोण बसते आणि तेथे कोणाच्या मर्जीने टिकते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या गावचाही आहे.

या विषयावरील चर्चा बहुधा न्यायाधीशाच्या पूर्वायुष्याभोवती फिरते. तो कोणत्या पक्षाचा होता, कोणाचा वकील होता, कोणाचा नातेवाईक आहे, हे आधी पाहिले जाते. मुंबई उच्च न्यायालयाचा इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतो. न्यायाधीश नेमला जाण्यापूर्वी काय होता यापेक्षा नेमला गेल्यानंतर तो कायम होईपर्यंतचा काळ कोणाच्या हाती आहे, ही बाब अधिक निर्णायक ठरली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वसाहतकालीन परंपरा

मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले. १८६१ च्या कायद्यानुसार न्यायाधीश राणीच्या मर्जीपर्यंत पदावर राहत आणि जागा रिकामी झाली की हंगामी न्यायाधीश नेमण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला होता. या न्यायालयातील पहिले भारतीय न्यायाधीश नानाभाई हरिदास यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८७३ मध्ये ते प्रथम हंगामी न्यायाधीश झाले; कायम झाले ते १८८४ मध्ये. अकरा वर्षे एका कर्तबगार माणसाने त्याच न्यायालयात ये-जा केली. 'कायम करणे' हे सरकारच्या हातातील साधन आहे, हे भारतीय न्यायाधीशाच्या पहिल्याच उदाहरणात दिसते.

न्यायमूर्ती रानडे यांच्याविषयीचा संशय तर सर्वश्रुत आहे. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास रानड्यांची पुण्याहून नाशिकला व तेथून धुळ्याला बदली झाली आणि धुळ्यास त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. उच्च न्यायालयात त्यांना जागा मिळाली ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनंतर, १८९३ मध्ये.

तेलंग हे स्वतः काँग्रेसच्या स्थापनेतील अग्रणी होते आणि १८८९ मध्ये न्यायाधीश झाले. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष होते. १८९५ मध्ये ते न्यायाधीश झाले. नारायण गणेश चंदावरकर यांनी डिसेंबर १९०० मध्ये लाहोर अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले आणि १९०१ मध्ये ते उच्च न्यायालयात रुजू झाले. आजच्या भाषेत बोलायचे तर एका राजकीय संघटनेचे तीन पुढारी बारा वर्षांत एकाच न्यायालयात न्यायाधीश झाले. कोणी याला ब्रिटिशांची गुणग्राहकता म्हणेल, कोणी टीकाकारांना पदे देऊन शांत करण्याची युक्ती म्हणेल. दोन्हीत तथ्य असावे.

परंतु या पूर्वायुष्यावरून त्यांच्या निर्णयांचे भाकीत करता आले असते काय? जुलै १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांच्यासमोर जामिनाचा अर्ज झाला, तो फेटाळला गेला. त्यानंतर न्या. तय्यबजी यांच्यासमोर अर्ज झाला आणि त्यांनी ४ ऑगस्ट १८९७ रोजी जामीन मंजूर केला. तय्यबजी राजकारणात मवाळ प्रवृत्तीचे. टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे सूत जुळणारे नव्हते. रानडे तर टिळकांच्याच शहरातील, पण सार्वजनिक जीवनात त्यांचे प्रतिस्पर्धी. एकाने अर्ज फेटाळणाऱ्या खंडपीठात बसावे आणि दुसऱ्याने तोच मान्य करावा, याची संगती पक्षनिष्ठेच्या हिशेबाने लागत नाही.

याहून बोलके उदाहरण दिनशा दावर यांचे आहे. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद करणारे बॅरिस्टर दावरच होते. १९०८ मध्ये ते न्यायाधीशाच्या आसनावर होते. या वेळी बॅरिस्टर जीनांनी टिळकांसाठी केलेला जामिनाचा अर्ज त्यांनी नाकारला आणि २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. वकिलाचा अशील आणि न्यायाधीशाचे मत यांचा संबंध जोडणाऱ्यांनी ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

घटनाकारांची योजना आणि १९५६ ची दुरुस्ती

संविधान सभेत २४ मे १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांची चर्चा झाली. अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाच्या सभागृहाची संमती घ्यावी, सरन्यायाधीशांची सहमती बंधनकारक करावी, अशा दोन्ही दिशांच्या सूचना पुढे आल्या होत्या. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही नाकारल्या. पहिल्या पद्धतीत राजकीय दडपणाला वाव राहतो आणि दुसरीत एका व्यक्तीच्या हाती नकाराधिकार जातो, सरन्यायाधीशही माणूसच असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सल्लामसलतीचा मधला मार्ग त्यांनी स्वीकारला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या माणसाचे हे मत आहे, हे विसरू नये.

त्या योजनेत उच्च न्यायालयातील न्यायाधीश एकदा नेमला की वयोमर्यादेपर्यंत सुरक्षित होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २२४ बदलला आणि वाढलेले काम निकाली काढण्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचे 'अतिरिक्त न्यायाधीश' नेमण्याची तरतूद केली. हेतू प्रशासकीय होता. काम मात्र कधी कमी झाले नाही आणि तात्पुरती म्हणून आणलेली व्यवस्था उच्च न्यायालयाचा नेहमीचा दरवाजा बनली. नवा न्यायाधीश आधी अतिरिक्त म्हणून येतो, मग कायम होतो. नानाभाई हरिदासांच्या काळातील हंगामीपण स्वतंत्र भारतात दुसऱ्या नावाने परत आले. या दुरुस्तीकडे आपल्या अभ्यासक्रमात फारसे लक्ष दिले जात नाही. सातवी घटनादुरुस्ती म्हटले की राज्य पुनर्रचनेपलीकडे कोणी जात नाही.

आणीबाणी : एकाच न्यायालयातील तीन प्रकारचे न्यायाधीश

एप्रिल १९७३ मध्ये न्या. शेलत, न्या. हेगडे व न्या. ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. हे प्रकरण परिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. एका गोष्टीची नोंद मात्र करावी लागेल. के. एस. हेगडे हे न्यायाधीश होण्यापूर्वी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. सत्ताधारी पक्षाचा खासदार न्यायाधीश झाला, केशवानंद भारती खटल्यात शासनाच्या विरोधात गेला आणि त्याची किंमत मोजून बाहेर पडला. १९७७ मध्ये ते जनता पक्षाकडून लोकसभेत गेले व पुढे सभापती झाले, हा या कथेचा उत्तरार्ध कोणत्याही साध्या निष्कर्षाला अडचणीत आणणारा आहे.

आणीबाणीत मुंबई उच्च न्यायालयाने जी कामगिरी केली ती अभिमानास्पद होती. नागरी स्वातंत्र्यावर चर्चा करण्यासाठी वकिलांनी ऑक्टोबर १९७५ मध्ये योजलेल्या सभेला पोलिसांनी परवानगी नाकारली. नथवाणी प्रकरणात मुख्य न्यायाधीश कांटावाला व न्या. व्ही. डी. तुळजापूरकर यांनी तो आदेश रद्द केला. मिनू मसानी यांच्या नियतकालिकावरील सेन्सॉरशिपच्या प्रकरणात न्या. मदन व न्या. कानिया यांनी १९७६ मध्ये सेन्सॉरच्या मनमानीला लगाम घातला. स्थानबद्धांच्या बंदीप्रत्यक्षीकरण याचिका ऐकता येतील, असे मानणाऱ्या उच्च न्यायालयांत नागपूर खंडपीठही होते.

यानंतर शासनाने काय केले, ते पाहता न्यायाधीशाच्या पदाचे स्वरूप किती महत्त्वाचे होते हे उलगडते. वरील निकाल देणारे न्यायाधीश कायम होते; त्यांना हात लावणे सोपे नव्हते. न्या. तुळजापूरकर तर सप्टेंबर १९७७ मध्ये, सत्तांतरानंतर, सर्वोच्च न्यायालयात गेले. कायम न्यायाधीशांविरुद्ध वापरता येण्याजोगे शस्त्र म्हणजे अनुच्छेद २२२ खालील बदली. १९७६ मध्ये देशभरातील सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या, मुंबईचे न्या. विमदलाल आंध्र प्रदेशात पाठविले गेले. बदली झालेला न्यायाधीश न्यायाधीशच राहतो. बदलीला न्यायालयात आव्हानही देता येते, आणि गुजरातच्या न्या. संकलचंद शेठ यांनी ते दिले.

तिसरा प्रकार उमेश रंगनाथ लळीत यांचा. ते अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांची मुदत १९७६ मध्ये संपली. न्यायसंस्थेची शिफारस अनुकूल असतानाही केंद्र शासनाने त्यांना कायम केले नाही. काही तरुणांना जामीन देणारा त्यांचा आदेश सत्ताधाऱ्यांना रुचला नव्हता, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. दिल्लीचे अतिरिक्त न्यायाधीश आर. एन. अग्रवाल यांना कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणानंतर पुन्हा सत्र न्यायाधीशपदी जावे लागले. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगासमोर ही दोन्ही प्रकरणे आली.

लळीतांच्या बाबतीत काय घडले याचा तांत्रिक तपशील पाहिला म्हणजे अंगावर काटा येतो. त्यांना कोणी काढले नाही. महाभियोग नाही, आरोपपत्र नाही, बदलीचा आदेशसुद्धा नाही. एक कागद निघायचा होता, तो निघाला नाही. ज्या कृतीविरुद्ध दाद मागायची ती कृतीच अस्तित्वात नव्हती. न्यायाधीशपद गेल्यावर लळीत सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्यांचे पुत्र उदय लळीत २०१४ मध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. अनेकांना यात काव्यात्म न्याय दिसला. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. पित्याच्या बाबतीत वापरलेले साधन पुत्राच्या कारकिर्दीतही अनुच्छेद २२४ मध्ये जसेच्या तसे होते.

१९८१ चे परिपत्रक

१९८० मध्ये काँग्रेस पुन्हा सत्तेवर आल्यानंतर कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी १८ मार्च १९८१ रोजी राज्यांना एक परिपत्रक पाठविले. आपल्या राज्यातील अतिरिक्त न्यायाधीशांकडून अन्य उच्च न्यायालयात कायम होण्यास संमती घ्यावी आणि पसंतीची तीन न्यायालये कळवावीत, असा त्याचा आशय होता. राष्ट्रीय एकात्मता हे कारण पुढे केले होते. पण हे पत्र कोणाकोणापर्यंत पोहोचणार होते, याकडे वकिलांचे लक्ष गेले. अतिरिक्त न्यायाधीशाची 'संमती' म्हणजे कंत्राटी प्राध्यापकाची संमती. ती कशी मिळते हे महाविद्यालयीन वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या परिपत्रकाला पहिले मोठे आव्हान मुंबईतूनच मिळाले. इक्बाल छागला आणि अन्य वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ही व अन्य प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली आणि ३० डिसेंबर १९८१ रोजी 'एस. पी. गुप्ता' या नावाने ओळखला जाणारा सात न्यायाधीशांचा निकाल लागला. नेमणुकीत अखेरचा शब्द शासनाचा, असे बहुमताने ठरले; परिपत्रकही टिकले. पीठावर बसलेल्या न्या. तुळजापूरकरांचे मत अल्पमतात राहिले. अतिरिक्त न्यायाधीशाचा कायमपणासाठी विचार व्हायलाच हवा, त्याला सहज वगळता येणार नाही, एवढे तत्त्व मात्र या निकालातून पुढे आले.

याच काळात पक्षीय नेमणुकीचे सर्वांत गडद उदाहरण घडले. बहरुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, मग गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि डिसेंबर १९८० पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील खटला मागे घेण्यास मान्यता देणाऱ्या डिसेंबर १९८२ च्या निकालात ते सहभागी होते. जानेवारी १९८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. पूर्वायुष्याचा मुद्दा गैरलागू आहे असे मी म्हणत नाही, ते या उदाहरणामुळे. परंतु येथेही घातक ठरली ती परतीची वाट. हेगडे आणि इस्लाम दोघेही एकाच पक्षाचे माजी खासदार होते.

न्यायवृंदाचा काळ

१९९३ च्या निकालाने नेमणुकीतील प्राधान्य शासनाकडून न्यायसंस्थेकडे आले. २०१४ चा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनाबाह्य ठरला. न्यायवृंद आला म्हणून पक्षीय राजकारण गेले, असे मानण्याचे कारण नाही. कार्यपद्धतीनुसार उच्च न्यायालयातील प्रस्तावावर मुख्यमंत्री व राज्यपाल यांचे मत मागविले जाते. अंतिम अधिसूचना केंद्र शासन काढते आणि ती कधी काढायची यावर परिणामकारक बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयात काम केलेले न्या. अकील कुरेशी यांच्या नावाची शिफारस मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी झाली. शासनाने ती रोखून धरली आणि अखेर ते त्रिपुराला गेले.

कायमपणाचा प्रश्न याच काळात एका वेगळ्या बाजूने पुढे आला. नागपूर खंडपीठाच्या अतिरिक्त न्यायाधीश पुष्पा गनेडीवाला यांनी जानेवारी २०२१ मध्ये बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरणांत दिलेले निकाल वादग्रस्त ठरले. न्यायवृंदाने त्यांना कायम करण्याची आधी केलेली शिफारस मागे घेतली, एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्दही केला. चुकीचा निकाल अपिलात सुधारला गेला, हे योग्यच झाले. निकालामुळे कायमपण हुकले, ही बाब मात्र वेगळी आहे. लळीतांच्या वेळी हळहळणारे आपण गनेडीवालांच्या वेळी समाधानी होतो. साधन एकच होते. हात बदलला होता आणि निकाल आपल्या पसंतीचा नव्हता. या मुद्द्यावर माझी सहकाऱ्यांशी अनेकदा खडाजंगी झाली आहे आणि मी त्यांना पटवू शकलेलो नाही, हेही नमूद करतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. आरती साठे यांच्या नावाची शिफारस न्यायवृंदाने २८ जुलै २०२५ रोजी केली. त्या पूर्वी भारतीय जनता पक्षाच्या महाराष्ट्रातील प्रवक्त्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडले, असे पक्षातर्फे सांगण्यात आले. आमदार रोहित पवार यांच्यासह विरोधकांनी आक्षेप घेतला. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली. मद्रास उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये न्या. व्हिक्टोरिया गौरी यांच्याबाबत असाच वाद झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली होती. मुंबईत तर जनता पक्षाचे गोव्यातील माजी आमदार फेर्दिनो रिबेलो १९९६ मध्ये न्यायाधीश झाले व पुढे अलाहाबादचे मुख्य न्यायाधीश झाले. त्याबद्दल आज कोणाला काही वावगे वाटत नाही.

तरीही आक्षेपकांच्या बाजूने एक फरक मान्य केला पाहिजे. तय्यबजी आणि चंदावरकर ज्या संघटनेचे होते ती सत्तेवर नव्हती. रिबेलोंच्या आमदारकीला न्यायाधीश होईपर्यंत बराच काळ लोटला होता. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्तेपद सोडून दोन वर्षेही झालेली नसताना, त्याच पक्षाचे शासन केंद्रात व राज्यात असताना झालेली नेमणूक पक्षकाराच्या मनात शंका निर्माण करते. ही शंका व्यक्तीच्या सचोटीबद्दल असण्याची गरज नाही. बदलापूरच्या प्रकरणात शासनाविरुद्ध दाद मागणाऱ्या आईवडिलांना न्यायालयाच्या फलकावरील नाव वाचून काय वाटेल, हा प्रश्न न्यायशास्त्राचाही आहे.

परंतु त्या विद्यार्थिनीला मी आता वेगळे उत्तर देईन. तय्यबजींनी टिळकांना जामीन दिला तेव्हा ते कायम न्यायाधीश होते. साठे यांची नेमणूक अतिरिक्त न्यायाधीश म्हणून झाली आहे. त्यांच्याबरोबर शपथ घेतलेल्या, कोणत्याही पक्षाशी कधीच संबंध नसलेल्या न्यायाधीशांचीही नेमणूक तशीच आहे. मुदत संपत येईल तेव्हा त्या सर्वांच्या फायली मंत्रालयात जातील आणि त्यांना कायम करावे काय, याबद्दल राज्य शासनाचे मत विचारले जाईल. मधल्या काळात त्यांच्यासमोर उल्हासनगरच्या इमारती येतील, अंबरनाथच्या जमिनी येतील, पोलिसांच्या गोळीबाराची प्रकरणे येतील, आणि त्यांतील बहुतेकांच्या शीर्षकात प्रतिवादी क्रमांक एक म्हणून 'महाराष्ट्र शासन' असे लिहिलेले असेल.